जुन्या उंची स्पीकरांची पारख

गेल्या पावसाळ्यांत वरच्या वर्गांत ध्वनीचा पाठ चालू असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक प्रश्न केला. परभणीस बदलून आलेल्या एका गृहस्थांकडे परदेशी बनावटीच्या स्पीकरांची जोडी होती व ती ते विकूं इच्छीत होते. नव्याच्या मानानें किंमत पुष्कळच कमी. परंतु त्या मुलाच्या घरच्या मिळकतीच्या मानानें ती थोडी नव्हती. "सर, बाबांनीं ती जोडी घ्यावी का?" असें त्यानें विचारलें. तोंच तासाची घंटा झाली, आणि आम्ही त्यास एवढेंच सांगूं शकलों कीं, "आधीं पुढची जाळी काढून पाहा." या त्रोटक उत्तराचा अर्थ त्या मुलास व इतर विद्यार्थ्यांस, तसेंच त्यांच्या पालकांस, सविस्तर सांगावा या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

जाळी काढून पाहण्याचा हा धडा आम्हांस पैसे मोजून शिकावा लागला. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मातोश्रींची दृष्टि अगदीं अधू झाली. वाचन सुटलें, शिवणकाम सुटलें. उरलें तें केवळ ऐकणें. घरांत तीर्थरूपांनीं जमविलेल्या तबकड्या होत्या. त्या मातोश्रींस नीट ऐकूं याव्या म्हणून आम्हीं दोन वर्षें पगारांतून थोडे थोडे पैसे बाजूस ठेविले व मे महिन्याच्या सुटींत मुंबईस गेलों. एका दुकानांत एक नामांकित जोडी दिसली. लांकूड आरशासारखें चकाकत होतें आणि पुढील नांवाची पट्टी पाहूनच आमची मान डोलूं लागली. दुकानदारानें हलक्या आवाजांत दोन मिनिटें कांहींतरी वाजवून दाखविलें. आम्हीं पैसे मोजले व रात्रीच्या गाडीनें जोडी परभणीस आणली. घरीं आवाज थोडा वाढविला तों खालचे स्वर फाटूं लागले. कापडाची जाळी काढली, तेव्हां कोनाच्या भोंवतालची कडा बोटांस चिकटून भुकटीसारखी खालीं गळाली. मातोश्री एवढेंच म्हणाल्या, "गाणारा घोंगडी पांघरून गातो आहे, असें वाटतें रे." त्या दिवशीं आम्हांस कळून चुकलें कीं, आम्हीं नांव विकत घेतलें होतें; वस्तु पाहिलीच नव्हती.

वस्तु पाहावयाची म्हणजे तिची घडण ठाऊक पाहिजे. आजच्या स्पीकराचें मूळ रूप बरेंच जुनें आहे. अमेरिकेंत चेस्टर राईस व एडवर्ड केलॉग यांनीं १९२५ सालीं कर्ण्यावांचून चालणाऱ्या स्पीकराची रचना प्रसिद्ध केली. आज घरोघर वाजणारे बहुतेक स्पीकर त्याच वंशांतील होत. एक लोहचुंबक, त्याच्या फटींत बारीक तारेचें वेटोळें, आणि त्या वेटोळ्यास चिकटविलेला कागदाचा अथवा प्लास्टिकचा कोन, अशी ही योजना आहे. वेटोळ्यांतून विजेचा प्रवाह जसजसा उलटसुलट वाहतो, तसतसा चुंबकाच्या बळानें कोन मागेंपुढें होतो व समोरील हवेस हलवितो. कोनानें सरळ रेषा सोडूं नये म्हणून त्याच्या मागें घड्या घातलेली एक चकती असते, तिला कारागीर स्पायडर म्हणतात. आणि पुढें कडेनें एक लवचिक वलय असतें. खालच्या स्वरांसाठीं मोठा कोन, तो वूफर. वरच्या स्वरांसाठीं लहानशी घुमटी, ती ट्विटर. येणारा प्रवाह या दोघांत वांटून देण्यासाठीं पेटीच्या आंत वेटोळीं व कपॅसिटर यांची एक मांडणी बसविलेली असते, तिला क्रॉसओव्हर म्हणतात. पेटी, चुंबक, कोन, वलय, ट्विटर व क्रॉसओव्हर, इतकें ओळखतां आलें म्हणजे पारखीचा अर्धा मार्ग चालून झाला.

आतां यांपैकीं काय म्हातारें होतें व काय होत नाहीं, तें पाहूं. चुंबक पन्नास वर्षांतही सहसा क्षीण होत नाहीं. कागदी कोन कोरड्या जागीं राहिला तर पुष्कळ काळ टिकतो. सर्वांत अल्पायुषी भाग म्हणजे कडेचें वलय होय. १९७० नंतर अनेक कारखान्यांनीं तें पॉलियुरेथेनच्या फोमचें करावयास आरंभ केला. हा फोम स्पीकर वाजवा अथवा न वाजवा, हवेंतील बाष्प व प्राणवायु यांच्या योगानें साधारणतः दहा ते पंचवीस वर्षांत कुजतो. "पेटी कपाटांत ठेविली होती, फारशी वापरलीच नाहीं," हें विकणाऱ्याचें म्हणणें खरें असलें तरी फोमची कडा त्यामुळें वांचत नाहीं. उलट रबराची किंवा लेप दिलेल्या कापडाची कडा पुष्कळ वर्षें चांगली राहते. बीबीसीनें १९७०च्या दशकांत बाहेरील प्रक्षेपणाच्या मोटारींतील अडचणीच्या जागेसाठीं एलएस ३/५ए हा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर सिद्ध केला. त्याच्या वूफरची कडा रबरी होती, म्हणून त्या काळच्या पुष्कळ जोड्या अद्यापि मूळच्या कडांनिशीं वाजत आहेत. त्याच दशकांतील फोमच्या कडेच्या मोठमोठ्या पेट्या मात्र कडा बदलल्यावांचून आज उपयोगीं पडत नाहींत. तात्पर्य, स्पीकराचें वय विचारण्यापेक्षां त्याची कडा कशाची आहे हें विचारणें अधिक शहाणपणाचें होय.

कडेच्या खालोखाल कपॅसिटर. यांतील कांहीं प्रकारांत ओलसर रसायन असतें. तें तीसचाळीस वर्षांत सुकतें व वरच्या आणि खालच्या स्वरांची वांटणी बिघडते. ट्विटराच्या फटींत कित्येकदां थंडाव्यासाठीं चुंबकी द्रव भरलेला असतो. तोही कालांतरानें घट्ट होतो. पेटी बहुधा भुशाच्या दाबीव फळीची असते. पावसाळ्यांत ओल लागली म्हणजे अशी फळी खालच्या कडेस फुगते, आणि एकदां फुगलेली फळी पूर्ववत् होत नाहीं. वाळवीचें तर आपल्याकडे सांगावयासच नको.

जुने चांगले स्पीकर मिळतात कोठें, हा प्रश्न पुढें येतो. परभणी, सेलू, मानवत किंवा गंगाखेड येथें मंडपवाल्यांचे मोठे स्पीकर हवे तितके दिसतील. परंतु ते मैदानासाठीं केलेले असतात, बैठकीच्या खोलीसाठीं नव्हेत. मुंबईस चोरबाजारांतील मटन स्ट्रीट आणि जुन्या नांवानें लॅमिंग्टन रोड म्हणून ओळखला जाणारा डॉ. भडकमकर मार्ग, पुण्यास जुना बाजार, आणि हैदराबादेस कोठी भागांतील गुजराती गल्ली, अशीं ठिकाणें या कामीं प्रसिद्ध आहेत. परंतु आमचें मत असें आहे कीं, दुकानापेक्षां घर बरें. परदेशांतून परतलेलें एखादें कुटुंब किंवा संगीताचा एखादा वृद्ध शौकीन यांच्या घरीं वस्तु तिच्या नेहमींच्या जागीं वाजत असते. ती कशी वापरली हें तेथें डोळ्यांनीं दिसतें, आणि अर्धा तास बसून ऐकावयास कोणी नको म्हणत नाहीं. अमेरिकेंतून किंवा जपानांतून आलेला ॲम्प्लिफायर मात्र जपून घ्यावा, कारण तिकडील वीज अनुक्रमें १२० व १०० व्होल्टची आहे व आपली २३० व्होल्टची. साध्या स्पीकरांस भिंतींतील वीज लागतच नाहीं, म्हणून त्यांना ही अडचण नाहीं.

वस्तूच्या समोर बसल्यावर परीक्षा पुढील क्रमानें करावी. प्रथम जाळी काढून कडेवर बोट हलकेंच फिरवावें. ती चिकट लागली, चिरा दिसल्या किंवा भुकटी पडली, तर ती गेली असें समजावें. दुसरें, दोन्ही हातांचीं बोटें कोनाच्या मध्याभोंवतीं सारख्या अंतरावर ठेवून कोन अगदीं हळूं आंत ढकलावा. तो सुरळीत जाऊन परत आला पाहिजे. खरखर ऐकूं आली तर वेटोळें चुंबकास घासत आहे. तिसरें, घड्याळास घालतों तसला दीड व्होल्टचा सेल तारांनीं स्पीकराच्या खुंट्यांस क्षणभर लावावा. वूफरचा कोन हलतो. ट्विटर मात्र हलत नाहीं, कारण वाटेंतील कपॅसिटर एकदिश प्रवाहास अडवितो. दोन्ही स्पीकरांस सेल सारख्याच रीतीनें लावला असतां एकाचा कोन बाहेर व दुसऱ्याचा आंत गेला, तर पूर्वीं कोणीतरी आंतील तारा उलट जोडल्या आहेत. चौथें, मीटरनें रोध मोजावा. आठ ओमच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या स्पीकराचा रोध मीटरवर बहुधा साडेपांच ते सात ओमच्या दरम्यान दिसतो. जोडींतील दोहोंत मोठा फरक पडला, तर कारण शोधावें.

पांचवी परीक्षा ट्विटराची. फार हलक्या आवाजांत गाणें लावून एकेका ट्विटराजवळ कान न्यावा. एक बोलका व दुसरा मुका, असें पुष्कळदां आढळतें. दुरून ऐकणाऱ्यास तें कळत नाहीं, कारण बोलका ट्विटर दोघांचें काम करीत असतो. सहावें, दोन्ही पेट्यांच्या मागील क्रमांक जवळजवळचे आहेत काय, स्क्रूंच्या खांचा झिजल्या आहेत काय, दोन्ही वूफर एकाच घडणीचे आहेत काय, हें पाहावें. आपल्याकडे तालुक्याच्या गांवींही फाटका कोन काढून नवा बसवून देणारे कुशल कारागीर आहेत. मंडपाच्या स्पीकरास तें ठीक; पण उंची स्पीकरांत मूळच्या वजनाचा व घडणीचा कोन नसेल, तर नांव जुनें राहतें व आवाज दुसऱ्याचाच होतो.

डोळ्यांचें व हातांचें काम येथें संपतें, पुढें कान. या बाबतींत एका थोर संशोधकाची हकीकत विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. अमर बोस यांचे वडील बंगालमधील स्वातंत्र्याच्या चळवळींतून निसटून अमेरिकेस गेलेले. अमर यांचा जन्म १९२९ सालीं फिलाडेल्फिया येथें झाला, आणि विद्यार्थिदशेंतच रेडिओ दुरुस्त करून ते घरास हातभार लावीत. १९५६ सालीं एमआयटी या विद्यापीठांतील शिक्षण पुरें होत आलें असतां त्यांनीं छापील आंकडे उत्तम पाहून एक संगीतसंच विकत घेतला, आणि घरीं तो वाजवितांच त्यांची घोर निराशा झाली. आंकडे चांगले असून आवाज कां चांगला नाहीं, या एका प्रश्नाच्या पाठीस ते लागले. १९६४ सालीं त्यांनीं स्वतःची कंपनी काढली, आणि १९६८ सालीं ९०१ नांवाचा स्पीकर पुढें आणला. त्यांत नऊ लहान कोन असून एकच श्रोत्याकडे व आठ मागील भिंतीकडे तोंड करून बसविलेले होते. कारण सभागृहांत आपल्या कानीं पडणाऱ्या नादाचा मोठा भाग भिंतींवरून येतो, असें त्यांस आढळलें होतें. ही रचना सर्वांस रुचली असें नाहीं. परंतु स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवून त्यांनीं प्रश्न विचारला, हें महत्त्वाचें. जाता जातां सांगावयाचें तें हें कीं, जुने ९०१ घेतांना त्यांच्यासोबतची इक्वलायझरची लहान पेटी अवश्य मागून घ्यावी. तिच्यावांचून त्यांचा आवाज अपुरा राहतो.

कानाची परीक्षा आपल्या परिचयाच्या ध्वनिमुद्रणावर घ्यावी. दुकानदारानें निवडलेल्या तबकडीवर नव्हे. आम्ही तीन गोष्टी ऐकतों. पहिली तंबोरा. पुरुष गायक काळी एक या पट्टींत गात असेल, तर मध्य षड्जाचीं कंपनें सेकंदास सुमारे १३९ व खर्जाच्या तारेचीं त्याच्या निम्मीं, म्हणजे सुमारे ६९ असतात. आणि जवारीमुळें उठणारे उपस्वर हजारों कंपनांपर्यंत चढत जातात. म्हणून एकट्या तंबोऱ्यांत वूफर, ट्विटर व क्रॉसओव्हर या तिघांचीही परीक्षा होते. तारा निरनिराळ्या ऐकूं आल्या व तरीही नाद अखंड राहिला, तर जोडी चांगली. दुसरी गोष्ट, मनुष्याचा शब्द. पंडित भीमसेन जोशी यांच्या संतवाणीसारखें एखादें ध्वनिमुद्रण लावून डोळे मिटावे आणि अभंगांतील प्रत्येक शब्द प्रयास न करतां कळतो काय, हें पाहावें. स, श, च या वर्णांची धार कांहीं हजार कंपनांच्या प्रदेशांत असते; पुष्कळ स्पीकरांत वूफर व ट्विटर यांचा सांधाही दोन ते तीन हजारांच्या आसपास, म्हणजे याच प्रदेशाच्या उंबरठ्यावर पडतो, आणि आपला कान तेथें अत्यंत तीक्ष्ण आहे. सांधा बिघडला असेल तर शब्द एकतर बोथट होतात किंवा कानांस टोंचतात. तिसरी गोष्ट, मोनो पद्धतीचें एखादें जुनें गाणें. दोन्ही स्पीकर वाजत असतां गायक बरोबर मध्यभागीं उभा असल्याचा भास झाला पाहिजे. तो एका बाजूस सरकला, तर एक स्पीकर दुर्बळ आहे. आणि तो कोठेंच सांपडेना व खालचे स्वरही नाहींसे झाले, तर एकाच्या तारा उलट आहेत.

जोडी निर्दोष ठरली तरी ती आपल्या घरास मानवेल काय, हा विचार राहतोच. एक वॅट शक्ति दिली असतां एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबेल आवाज देतो, या मापास संवेदनक्षमता म्हणतात. तीन डेसिबेल वाढविण्यास शक्ति दुप्पट लागते. म्हणजे ९१ डेसिबेलच्या स्पीकरास जेथें पांच वॅट पुरतात, तेथें ८२ डेसिबेलच्या स्पीकरास आठपट, म्हणजे चाळीस वॅट पाहिजेत. वर सांगितलेला बीबीसीचा लहान स्पीकर या दुसऱ्या जातीचा आहे. ॲम्प्लिफायर लहान असून त्याच्याकडून मोठा आवाज काढूं पाहिलें, तर स्वरलहरींचीं टोकें छाटलीं जातात व त्या विकृत प्रवाहानें ट्विटर जळतो. मोठ्या ॲम्प्लिफायरनें जळलेल्या ट्विटरांपेक्षां लहान पिळून जळालेले अधिक आढळतात, असें आम्हांस एका अनुभवी कारागिरानें सांगितलें.

खोलीचा प्रभाव तर स्पीकराइतकाच मोठा असतो. गणिताची आवड असलेल्या मुलांनीं हें उदाहरण सोडवून पाहावें. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४३ मीटर. खोलीची लांबी बारा फूट, म्हणजे ३.६६ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्यें अर्धी लहर बरोबर बसेल असा स्वर ३४३ भागिले ७.३२, म्हणजे सुमारे ४७ कंपनांचा येतो. त्या स्वरास खोली स्वतःच साथ देते व तो वाजवीपेक्षां फुगतो. अशा खोलींत प्रचंड वूफर आणून बसविला, तर डग्ग्याचा ठेका न राहतां केवळ घुमघुमाट होतो. आपल्याकडील घरांत फरशीची जमीन, सिमेंटच्या उघड्या भिंती व वर स्लॅब असल्यामुळें नाद फार वेळ रेंगाळतो. खोलीच्या मध्यभागीं एक टाळी वाजवून पाहावी. मागून झणझण ऐकूं आली तर सतरंजी अंथरावी, जाड पडदा लावावा, एका भिंतीस पुस्तकांचें कपाट ठेवावें. हे उपाय बहुधा घरांतच सांपडतात. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढें असावे व ऐकणारा आणि दोन स्पीकर मिळून जवळजवळ समभुज त्रिकोण व्हावा. आणखी एक गोष्ट परदेशी पुस्तकांत मिळत नाहीं. ट्विटर कानाच्या उंचीवर हवा, म्हणून तिकडील तिवया खुर्चीच्या हिशेबानें केलेल्या असतात. आपण सतरंजीवर मांडी घालून बसतों, तेव्हां कान जमिनीपासून अडीच फुटांच्या आंतबाहेर असतो. तेव्हां तिवई त्या बेतानें सुतारांकडून ठेंगणी करून घ्यावी.

आपल्या देशांतील बनावटीकडे पाठ फिरविण्याचें कारण नाहीं. कोलकात्याची सोनोडाईन ही कंपनी १९७० सालीं स्थापन झाली. तिचे जुने स्पीकर अनेक घरांत आहेत, व ते परदेशी नांवांपेक्षां स्वस्तांत मिळण्याचा संभव अधिक. आपल्या पुण्यांत केडन्स या कंपनीनें तर इलेक्ट्रोस्टॅटिक जातीचे उंची स्पीकर तयार केले. इंग्लंडच्या क्वाड कंपनीनें १९५७ सालीं ही जात प्रसिद्धीस आणली होती. हींत कोनाऐवजीं एक अत्यंत पातळ पडदा दोन सच्छिद्र पट्ट्यांमध्यें ताणलेला असून त्यावर हजारों व्होल्टचा विद्युद्भार ठेवितात. शब्दाची स्पष्टता अशी कीं ऐकत राहावें. परंतु धूळ व दमट हवा हे या जातीचे शत्रु होत. उन्हाळ्यांत धुळीचे लोट व पावसाळ्यांत ओल, अशा आपल्या मुलखांत जुना इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर घेणें हें जाणकाराचेंच काम आहे. आणि त्याच्या आंत हात घालणें जीवावर बेतूं शकतें, हें मुलांनीं विसरूं नये.

पैशाविषयीं दोन शब्द. ठरविलेल्या रकमेपैकीं पंचमांश दुरुस्तीसाठीं वेगळी ठेवूनच भाव करावा. फोमची कडा बदलतां येते, कपॅसिटर बदलतां येतात. तेवढ्यासाठीं चांगली जोडी सोडूं नये, परंतु त्याचा खर्च किंमतींतून वजा झाला पाहिजे. ज्याचा मूळचा ट्विटर किंवा कोन गेला आहे व तसलाच मिळण्याची खात्री नाहीं, अशी जोडी फुकट मिळाली तरी महाग. आणतांना गोधडींत गुंडाळून उभी ठेवावी, मोटारीच्या टपावर टाकूं नये. आणि आपल्या जिल्ह्यांत मे महिन्यांतील ऊन चाळीस अंशांच्या वर जात असल्यामुळें खिडकीच्या उन्हांत तर मुळींच ठेवूं नये.

चांगला स्पीकर मिळाला म्हणून शेजाऱ्यांनीं तो ऐकावाच असें नाहीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं राहत्या वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं १० नंतर ४५ डेसिबेलची मर्यादा घातली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणें ८० डेसिबेलचा आवाज आठवड्यांतून ४० तास ऐकणें निर्धोक आहे, परंतु ९० डेसिबेलचा केवळ चार तास. वरातींतील डीजेसमोर नाचणाऱ्या व कानांत बोंडें घालून झोंपणाऱ्या मुलांनीं हे दोन आंकडे वहींत लिहून ठेवावे. उत्तम स्पीकराची खूण हीच कीं, तो हलक्या आवाजांतही सर्व कांहीं सांगतो.

आमच्या त्या फसलेल्या जोडीचें पुढें काय झालें, असें कोणी विचारील. मंडपाचे स्पीकर दुरुस्त करणाऱ्या येथील एका कारागिरानें बरोबर मापाच्या कडा टपालानें मागविल्या, जुना गोंद दोन दिवस खपून खरवडला व नव्या कडा बसवून दिल्या. त्यानें चार कपॅसिटरही बदलले. खर्च मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतका आला. परीक्षा आधीं केली असती, तर तो भाव करतांनाच वजा झाला असता. आम्हीं स्पीकर भिंतीपासून पुढें ओढले, ठेंगण्या तिवईवर ठेविले, खालीं सतरंजी अंथरली, आणि तीर्थरूपांच्या संग्रहांतील एक तबकडी लाविली. मातोश्रींनीं ती अखेरपर्यंत ऐकली व म्हणाल्या, "हें गाणें मी तीस वर्षें ऐकतें आहे, पण तिसऱ्या कडव्यांतला तो शब्द आज कळला." आमच्या मतें स्पीकराची याहून मोठी परीक्षा नाहीं.

आणि त्या विद्यार्थ्याच्या वडिलांची जोडी? एका रविवारीं ते आम्हांस सोबत घेऊन गेले. जाळी काढली, कडा रबराची व धडधाकट होती. परंतु मुलानें कान जवळ नेला तों डावीकडील ट्विटर मुका निघाला. विकणाऱ्या गृहस्थांसही हें ठाऊक नव्हतें; ते ओशाळले. वडिलांनीं ती उणीव लपवून भाव पाडण्याचा प्रयत्न केला नाहीं, व गृहस्थांनींही ती कळल्यावर जुनी किंमत धरून ठेविली नाहीं. दोघांनीं मिळून नव्या ट्विटराचा खर्च काढला, तसलाच मिळतो याची खात्री केली, आणि तेवढी रक्कम वजा करून व्यवहार पुरा केला. आतां त्या घरीं रात्रीं जेवणें झाल्यावर अर्धा तास सर्व मंडळी एका सतरंजीवर बसून एकच गाणें ऐकतात, असें तो मुलगा सांगतो.

वाचकांपैकीं कोणास असा योग आला, तर त्यानें पाकिटांत पैसे, खिशांत दीड व्होल्टचा सेल व सोबत आपल्या आवडीचें एक गाणें घेऊन जावें. आणि नांवाची पट्टी वाचण्यापूर्वीं जाळी काढावी.